घरगुती बोलण्यातील 'आपण' आणि 'आम्ही'

मराठीच्या शालेय व्याकरणात सर्वनामांचे प्रकरण लवकर आटोपते. सर्वनामे संख्येने थोडी, त्यांची रूपे ठरलेली आणि उदाहरणे सर्वांच्या तोंडची. त्यामुळे विद्यार्थी ते वाचून पुढे सरकतो. या प्रकरणात 'आपण' हा शब्द एकाहून अधिक ठिकाणी भेटतो. प्रथमपुरुषी सर्वनामांत तो असतो. आदरार्थी योजला असता द्वितीयपुरुषात जातो. आणि पुढे 'स्वतः' या शब्दाच्या जोडीने आत्मवाचक सर्वनाम म्हणून पुन्हा हजर होतो. एकाच शब्दाला तीन खोल्या कशा मिळाल्या, आणि तिन्हींतून तो वावरत असताना बोलणाऱ्यांचा गोंधळ कसा उडत नाही, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या प्रथमपुरुषी उपयोगाचा विचार करावयाचा आहे, आणि तोही घरात चालणाऱ्या बोलण्यापुरता : स्वयंपाक, सर्वांनी मिळून पाहिलेला कार्यक्रम, रात्री झोपताना वाचलेले पुस्तक, पाळलेले मांजर. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु या सर्वनामाचे व्याकरण जेथे खरोखर घडते आणि मोडते ती जागा हीच होय, असे मला वाटते.

पुढील दोन वाक्ये पाहावीत.

'आम्ही जेवायला बसू का?'

'आपण जेवायला बसू का?'

पहिल्या वाक्यात परवानगी मागितली आहे, दुसऱ्यात प्रस्ताव मांडला आहे. पहिल्यात ऐकणारा पंगतीबाहेर उभा आहे. दुसऱ्यात त्याचेही पान मांडलेले आहे. क्रियापदाचे रूप दोन्हीकडे एकच असून सर्व फरक सर्वनामाने घडवून आणला आहे. ऐकणाऱ्याला वगळणाऱ्या 'आम्ही'ला भाषाशास्त्रात व्यावर्तक आणि त्याला आत घेणाऱ्या 'आपण'ला समावेशक असे म्हणतात. हा भेद क्रियापदाच्या एका रूपात विशेष स्पष्ट दिसतो. 'आपण जाऊया' हे सहज मराठी आहे. 'आम्ही जाऊया' असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण '-ऊया' हा प्रत्ययच ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन चालणारा आहे.

हिंदीतील 'हम' किंवा इंग्रजीतील 'वुई' यांना हा भेद ठाऊक नाही. गुजरातीला तो आहे (अमे आणि आपणे), तेलुगूला आहे (मेमु आणि मनमु), तमिळलाही आहे. मराठी आणि गुजराती यांतील हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असे मत अनेकदा मांडले गेले आहे. ते बरेचसे संभाव्य आहे. मात्र आपली सर्वांत निकटची द्राविडी शेजारीण जी कन्नड, तिच्यात आज हा भेद उरलेला नाही, ही गोष्ट त्या मताच्या पुरस्कर्त्यांनी दृष्टीआड करू नये. शब्द मात्र घरचाच आहे. संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्पा', 'अप्पाण', आणि त्यापासून 'आपण' ही परंपरा सर्वमान्य आहे. म्हणजे मुळात ज्या शब्दाचा अर्थ 'स्वतः' तोच 'मी आणि तू मिळून' अशा अर्थाला पोहोचला.

या प्रवासाच्या खुणा 'आपला' या रूपात अजून शिल्लक आहेत. 'तो आपल्या घरी गेला' या वाक्याचे तीन अर्थ होतात : स्वतःच्या घरी, तुमच्या-माझ्या मिळून असलेल्या घरी, आणि आदराने बोलत असल्यास तुमच्या घरी. पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहिणारा तिसऱ्या अर्थाने लिहितो, आणि शासन जेव्हा एखाद्या सेवेला 'आपले सरकार' असे नाव देते, तेव्हा दुसरा अर्थ घ्यावा की तिसरा, हे नागरिकाने आपल्या अनुभवावरून ठरवावे.

घरात मात्र यातला गोंधळ एका खोलीला कुलूप लागल्यामुळे पुष्कळ कमी होतो. आदरार्थी 'आपण' घरात राहत नाही. वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' आणि 'अहो' पुरते; 'आपण' म्हटले की थट्टा किंवा राग आहे असे समजावे. नऊ वाजता अंथरुणातून बाहेर आलेल्या मुलाला आई 'आपण उठलात का?' असे विचारते, तेव्हा त्या आदराचा अर्थ मुलाला अचूक कळतो. उलट, समावेशक 'आपण' आणि व्यावर्तक 'आम्ही' यांची ये-जा घरात अखंड चालू असते. तिचे सर्वांत बोलके ठिकाण स्वयंपाकघर होय.

माझ्या आईचे माहेर साताऱ्याकडचे आणि सासर रत्नागिरीचे. माहेरी भाजीत शेंगदाण्याचे कूट पडे, सासरी ओले खोबरे. लग्नानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तिने सवयीने भाजीत कूट घातले, तेव्हा माझी आजी शांतपणे म्हणाली, 'आमच्याकडे कूट नाही घालत गं, खोबरं घालतात.' या वाक्यात रागाचा शब्द नाही. सुनेला दिलेली ती साधी माहिती होती. तरी आईच्या लक्षात राहिला तो 'आमच्याकडे' हा शब्द. ज्या घरात ती आता राहत होती, त्या घराविषयी तिलाच सांगताना आजीने व्यावर्तक सर्वनाम वापरले होते. वर्षभराने घरी पाहुणे जेवायला होते, चुलीशी घाई चालली होती, आणि आजी सहज म्हणाली, 'आपल्याकडे घालतात ना, तेवढंच खोबरं घाल.' आईला व्याकरणाची परिभाषा ठाऊक नव्हती. परंतु कोणत्या दिवशी 'आमच्या'चे 'आपल्या' झाले, हे तिला पुढे कित्येक वर्षे सांगता येत असे. आजीला अर्थातच असे काही आपण बोललो हे आठवत नव्हते.

या आठवणीला दुसरी एक बाजू आहे, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. नव्या सुनेलाही आरंभी 'आमच्याकडे' म्हणण्याचा हक्क असतो. तिचे 'आमच्याकडे' म्हणजे माहेर. एकाच ओट्याशी उभ्या असलेल्या दोन बायका 'आमच्याकडे' हा एकच शब्द दोन घरांसाठी वापरीत असतात, आणि दोघींची वाक्ये व्याकरणशुद्ध असतात. पुढे केव्हातरी एकीचा शब्द दुसरीच्या शब्दात मिसळतो. आईच्या बाबतीत तो इतका मिसळला, की उतारवयात भेटीस आलेल्या सख्ख्या भावाला ती म्हणाली, 'तुमच्याकडे भाजीत कूट घालतात ना, तसं केलंय आज तुझ्यासाठी.' मामा क्षणभर थांबला आणि मग जेवू लागला. तिचे स्वतःचे जन्मघर द्वितीयपुरुषात गेले होते. समाजशास्त्रज्ञ ज्याला विवाहानंतरचे स्थलांतर म्हणतात, ते सर्वनामांच्या पातळीवर पुरे व्हायला किती वर्षे लागतात, याचे मोजमाप कोणी केलेले नाही. करणाऱ्याने स्वयंपाकघरातून आरंभ करावा.

अनेक घरांत आता उलट दिशेची वाटचालही ऐकू येते. पती-पत्नी दोघेच वेगळे राहू लागली, की 'आपल्याकडे' म्हणजे त्या दोघांचे घर. आणि मग मुलगा दूरध्वनीवर आईला विचारतो, 'तुमच्याकडे पाऊस आहे का?' हे वाक्य निर्दोष आहे. पण त्याच आईने 'आपल्याकडे यंदा आंबा कमीच आहे' असे म्हटले असेल, तर दोघांच्या सर्वनामांचा हिशेब जुळत नाही. ती त्याला घरात धरून बोलते आहे, तो स्वतःला बाहेर ठेवून बोलतो आहे. दोघेही ते ऐकतात. बोलून कोणी दाखवीत नाही.

स्वयंपाकाच्या भाषेत 'आपण'चा आणखी एक नवा वावर दिसतो, आणि तो घरात आला आहे तो पडद्यावरून. छापील पाकपुस्तकांत कृती सांगण्याची रूढ पद्धत विध्यर्थाची आहे : कांदा बारीक चिरावा, फोडणी करावी, पाणी घालावे. कर्ता कोठेच नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन पाककृती अनेक नवशिक्या गृहिणींच्या आटोक्यात आणली. पण पुस्तक आणि वाचक यांच्यातले अंतर, पुस्तक आहे म्हणून, राहतेच. दूरचित्रवाणीवर कृती दाखवणारी व्यक्ती मात्र म्हणते, 'आता आपण कांदा परतून घेऊया', 'आपण यात थोडं मीठ घालणार आहोत.' परतणारी ती एकटी आहे. पाहणारा सोफ्यावर बसून शेंगा सोलतो आहे, किंवा काहीच करीत नाही. तरीही समावेशक सर्वनामाने त्याच्या हाती उलथने दिले जाते. झी मराठी वाहिनीवर अनेक वर्षे चाललेल्या या जातीच्या कार्यक्रमाचे नाव 'आम्ही सारे खवय्ये' असे होते. नावात 'आम्ही' आणि कृती सांगताना 'आपण' ही विसंगती नव्हे : नाव ही एका मेळ्याने इतरांपुढे केलेली घोषणा असते, कृती ही समोरच्याला हाताला धरून करावयाची गोष्ट असते. मराठी भाषकाला हे कोणी शिकवलेले नसते.

पडद्याचा विषय निघालाच आहे, तर तो पाहणाऱ्यांकडेही वळावे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीच्या वर्षांत चाळीतल्या एखाद्याच घरी संच असे आणि मजल्यावरची मुले त्या दाराशी येऊन विचारीत, 'काकू, आम्ही बघायला येऊ का?' दारातले हे 'आम्ही' सतरंजीवर बसल्यानंतर 'आपण' होई. 'आपण शेवटपर्यंत बघायचं हं,' असे तीच मुले त्या घरच्या मुलाला सांगत. उंबरठ्याची ही सीमा सर्वनामाने इतकी काटेकोरपणे पाळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. क्रिकेटच्या सामन्यात हा समावेश देशव्यापी होतो. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला गेला, तेव्हा मराठी घराघरांतून जे वाक्य निघाले असेल ते 'आपण जिंकलो' हेच. 'आम्ही जिंकलो' असे म्हणण्याचा अधिकार मैदानावरच्या अकरा जणांचा. हरल्यावर मात्र 'आपण' लगबगीने काढता पाय घेते आणि वाक्य तृतीयपुरुषी होते : 'हरले लेकाचे.'

आता रात्रीच्या पुस्तकाकडे येऊ. झोपताना मुलाला पुस्तक वाचून दाखवण्याच्या प्रथेचा भाषाशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. नीनिओ आणि ब्रूनर यांनी १९७८ साली एका आईच्या आणि तिच्या लहान मुलाच्या चित्रपुस्तक पाहण्याचे जे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात आईचे बोलणे थोड्याच साच्यांत बसते असे आढळले : लक्ष वेधणे, हे काय म्हणून विचारणे, नाव सांगणे, आणि मुलाच्या उत्तराला दाद देणे. शर्ली ब्राइस हीथ यांचा १९८२ चा निबंध याहून व्यापक आहे. अमेरिकेच्या कॅरोलिना प्रदेशातील तीन समाजांची तुलना करून त्यांनी दाखवले, की झोपतानाचे पुस्तक ही सर्वत्र आढळणारी नैसर्गिक गोष्ट नसून एका विशिष्ट समाजाची रीत आहे; आणि जेथे पुस्तके वाचली जातात तेथेही, पुस्तकातील गोष्टीचा धागा मुलाच्या रोजच्या जगण्याशी जोडला जातो की नाही यावरून पुढे शाळेत फरक पडतो.

मराठी आई हा धागा ज्या शब्दाने जोडते तो बहुधा 'आपला' असतो. 'ही मांजर बघ, आपल्या मनीसारखीच आहे ना?' पुस्तकातील मांजर, घरातील मांजर, आई आणि मूल ही चारही एका वाक्यात एकत्र येतात. हीथ यांच्या विवेचनात ज्या क्रियेला बरीच पाने लागली, ती येथे एका षष्ठीच्या रूपाने पार पडते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार होणार नाही. आपल्या जुन्या सांगीव गोष्टींत हे काम दुसऱ्या रीतीने होत असे. सांगणारी आजी आणि 'हूं' म्हणणारे मूल असा तो व्यवहार होता. हुंकार थांबला की मूल झोपले असे समजून गोष्ट थांबे. पुस्तकात हुंकाराची जागा पान उलटण्याने घेतली, आणि ऐकणाऱ्याला आत ओढण्याचा भार सर्वनामावर अधिक पडू लागला.

या ठिकाणी अनुवादकाची एक अडचण नोंदवण्यासारखी आहे. मायकेल रोझेन यांनी लिहिलेले आणि हेलन ऑक्सनबरी यांनी चित्रे काढलेले 'वुई आर गोइंग ऑन अ बेअर हंट' हे १९८९ सालचे इंग्रजी पुस्तक घ्यावे. एक कुटुंब, तान्ह्या मुलासह आणि कुत्र्यासह, अस्वल शोधायला निघते आणि शेवटी धावत घरी येऊन सर्वजण एका पांघरुणात शिरतात. नावातला 'वुई' पुस्तकभर राहतो. हे पुस्तक मराठी करायला घेणाऱ्याला पहिल्याच शब्दाशी थांबावे लागेल. 'आम्ही' घातले तर चित्रातले कुटुंब आपली हकीकत मुलाला सांगते आहे. मूल सुरक्षित अंतरावरून ऐकते. 'आपण' घातले तर मूलही चिखलातून चालते, आणि अस्वल दिसल्यावर त्यालाही पळावे लागते. इंग्रजी वाचणारा बाप हा निर्णय न घेता वाचू शकतो. मराठी वाचणाऱ्याला ती मोकळीक नाही. माझा कौल 'आपण'कडे आहे, कारण शेवटी पांघरूणही वाट्याला येते. परंतु फार भित्र्या मुलासाठी 'आम्ही'चा पक्ष विचारात घ्यावा लागेल.

मुलांशी बोलताना 'आपण' आणखी एका मार्गाने वाकते. 'आपण हात धुवायचे ना?' असे विचारणाऱ्या आईचे हात स्वच्छ असतात. येथे रूप समावेशक, अर्थ केवळ 'तू'. आज्ञेची धार बोथट करण्यासाठी आई स्वतःला त्या आज्ञेखाली आणून बसवते. बालभाषेविषयी मराठीत मोलाचे काम झाले आहे. अशोक रा. केळकर यांचा मराठी बालभाषेवरील निबंध १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात आला, आणि त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषेची जी तुलना केली तीत मराठीचा समावेश होता. परंतु मंमं, भूभू, माऊ, जोजो, भुर्र, बाऊ या खास शब्दांवर आणि त्यांच्या ध्वनिरचनेवर लक्ष खिळले, की प्रौढांच्या भाषेतलाच एखादा शब्द लहानग्यांसाठी वेगळा वापरला जातो, हे निसटण्याचा संभव असतो.

हेच वाकलेले 'आपण' मांजराच्याही वाट्याला येते. 'आपण ओट्यावर चढायचं नाही' हा नियम घरातील एकाच प्राण्यासाठी केलेला असतो. बाकी कोणी ओट्यावर चढत नाही. मुलांशी आणि पाळीव प्राण्यांशी आपण एकाच तऱ्हेने बोलतो काय, याची परीक्षा बर्नहॅम, किटामुरा आणि व्होल्मर-कॉना यांनी केली व ती २००२ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. आवाजाची पट्टी तान्ह्या मुलासाठी आणि प्राण्यासाठी दोन्हीकडे चढते, जिव्हाळाही दिसतो. पण स्वर अधिक ठसठशीत करून उच्चारणे हे फक्त मुलासाठी होते. मूल पुढे बोलणार आहे आणि मांजर बोलणार नाही, हे आईच्या उच्चाराला कळते. सर्वनामाला ते कळत नाही.

मांजरा-कुत्र्यांचा बोलण्यातला दुसरा उपयोग डेबोरा टॅनेन यांनी २००४ साली वर्णिला. अमेरिकन कुटुंबांनी स्वतःच केलेल्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांनी दाखवले, की माणसे कुत्र्याशी किंवा कुत्र्याच्या वतीने बोलून घरातल्या दुसऱ्या माणसाला हवे ते ऐकवतात. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही; 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपल्याकडे कधीची आहे. तरी प्राण्याच्या बाबतीत मराठीत एक खास सोय आहे. संध्याकाळी पायरीशी बसलेल्या मोतीला गृहिणी म्हणते, 'आपल्याला आज कोणी फिरायला नेत नाही बरं का मोती.' वर्तमानपत्र वाचणारा नवरा हे ऐकतो. 'आपल्याला' या शब्दाने ती मोतीच्या गटात जाऊन बसली आहे आणि नवरा बाहेर राहिला आहे. समावेशक सर्वनाम जितके आत घेते तितकेच, श्रोता दुसरा असेल तर, वगळते. हा उपयोग व्याकरणाच्या कोष्टकात मावत नाही, कारण कोष्टकात एकच श्रोता गृहीत धरलेला असतो. घरात श्रोते दोन, तीन, चार असतात, आणि बोलणे एकाला उद्देशून असले तरी बेतलेले दुसऱ्यासाठी असते.

यावरून क्षेत्रकार्याविषयी एक सूचना निघते. आपले विद्यार्थी बोलीचे नमुने गोळा करताना वाक्य, बोलणाऱ्याचे वय, गाव आणि जात यांची नोंद काळजीपूर्वक करतात. 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यासाठी ही नोंद अपुरी आहे. सुटीत आजोळी राहून परतलेल्या माझ्या मुलीने मला सांगितले, 'आम्ही रोज रात्री पुस्तक वाचतो.' वाक्य केवळ कागदावर उतरवले असते तर त्यातून काहीच हाती लागले नसते. आम्ही म्हणजे कोण, असे विचारल्यावर ती म्हणाली, 'मी आणि आजी.' ऐकणारा बाप होता, घर आमचेच होते, आणि मी व्यवस्थितपणे वगळला गेलो होतो. सर्वनामात चूक कोठेही नव्हती. तेव्हा घरगुती बोलणे टिपताना प्रत्येक वाक्यापुढे, ते कोणाला उद्देशून होते आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण होते, हे दोन रकाने ठेवावेत. कुत्रे किंवा मांजर असल्यास त्याचीही नोंद दुसऱ्या रकान्यात करावी.